संगणक आपला, चावी कोणाची?

"मशीनमागे सातशे द्या, विंडोज मारून देतो. ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस सगळं टाकून. वस्तीतल्या पोरांसाठी आहे म्हणून सातशे, नाहीतर हजार घेतो."

अभ्यासिकेला आठ जुने डेस्कटॉप मिळाले तेव्हा बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्याने आम्हाला दिलेला हा भाव. मशीन एका कार्यालयाने बदलायला काढलेली होती. चौथ्या आणि सहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम, हार्डडिस्क पुसलेल्या. अभ्यासिकेच्या समितीत सगळ्यांचे मत पडले की आठ सत्ते छप्पन्न, पाच हजार सहाशे रुपयांत काम होते आहे तर करून टाकू. स्पर्धा परीक्षेची पुस्तके घ्यायला जमवलेल्या वर्गणीतून पैसेही निघाले असते. आम्ही नाही म्हटले. नाही म्हणताना जे कारण सांगितले ते त्या दिवशी कोणालाच नीट पटले नाही. म्हणून हा लेख.

आमचा मुद्दा थोडक्यात असा. संगणक घरात आला म्हणजे तो आपला झाला असे नाही. तो बंद पडल्यावर सुरू करण्याचे ज्ञान आणि साधन ज्याच्या हातात, त्याचा तो असतो. ते साधन आज एका पेनड्राइव्हवर मावते. एकच विंडोज नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि दुरुस्तीची अवजारे एकाच पेनड्राइव्हवर, आणि संगणक सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. हे बनवायला इंजिनिअर लागत नाही. आमच्याकडे ते बारावी कला शाखेच्या मुलीने बनवले आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण या विषयात आम्ही तिच्यामुळेच पडलो.

समाजकार्याच्या पदवीला असलेल्या एका मुलीने हप्त्यावर लॅपटॉप घेतला. विंडोज ११ सोबतच आलेले. सहा महिन्यांनी एका सकाळी तो सुरू होईना, निळा पडदा येऊन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट. तिने तो दुकानात नेला. तिथे सांगितले, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. आठशे रुपये घेऊन लॅपटॉप परत आला. तिचा क्षेत्रकार्याचा अहवाल गेला होता. पडद्यावर विंडोजची 'प्रो' आवृत्ती होती, म्हणून तिला वाटले की काहीतरी चांगलेच मिळाले. प्रत्यक्षात ती क्रॅक केलेली होती, आणि क्रॅक चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला होता. त्याच लॅपटॉपवरून ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती, आधार टाकत होती, बँकेचा ओटीपी टाकत होती.

आता यातली खरी मेख पाहा. आजकालचे लॅपटॉप विंडोजसह विकले जातात तेव्हा त्या परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. हार्डडिस्क पुसली, बदलली, तरी ती तिथेच राहते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल फुकट, कायदेशीरपणे उतरवता येते. ती टाकली की इन्स्टॉलर चिपमधली किल्ली स्वतःच वाचतो, योग्य आवृत्ती निवडतो, आणि इंटरनेट जोडले की परवाना आपोआप लागू होतो. एक रुपया लागत नाही. म्हणजे त्या मुलीने लॅपटॉपच्या किमतीत परवान्याचे पैसे आधीच भरले होते. तिच्या हक्काची वस्तू काढून तिच्या जागी चोरीची वस्तू बसवली, आणि त्याचे आठशे रुपये तिच्याकडूनच घेतले.

आम्ही तिच्या लॅपटॉपवर मूळ विंडोज टाकले तेव्हा 'ॲक्टिव्हेटेड' हा शब्द बघून ती म्हणाली, "ताई, म्हणजे हे आधीपासून माझंच होतं?"

होय. आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते. आपल्या लोकांच्या बाबतीत हे काही नवे नाही. कायद्याने मिळालेली गोष्ट कागदावर असते, ती मागायची कशी हे मात्र दुसऱ्याला ठाऊक असते. ज्ञानावर पहारा बसवायला दर वेळी धर्मग्रंथच लागतो असे नाही. काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाकडे पाठ करून फिरवलेला मॉनिटरही पुरतो.

दुकानदाराबद्दल आमचा राग नाही, हे स्पष्ट करतो. तोही गाळ्याचे भाडे भरतो, त्यालाही कोणी नीट शिकवलेले नाही, आणि गिऱ्हाईक 'लवकर द्या, स्वस्तात द्या' एवढेच म्हणते. प्रश्न माणसाचा नाही. एवढ्या साध्या कामाला आपण कायम गिऱ्हाईकच का राहतो, हा आहे.

साधे म्हणतो आहोत, तर ते किती साधे आहे हेही सांगायला हवे. तांत्रिक शब्दांना घाबरून इथे वाचन सोडू नये.

संगणकाचे बटण दाबले की सर्वात आधी विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, ज्याला जुन्या मशीनवर बायोस आणि नव्या मशीनवर यूईएफआय म्हणतात. तो विचारतो, ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे? त्याला ठरवून दिलेला क्रम असतो, आणि त्यात बहुधा हार्डडिस्क पहिली असते. पण सुरू होताना एक विशिष्ट बटण दाबले तर तो क्रम आपल्याला विचारतो. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक वेळा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादी येते, त्यातून पेनड्राइव्ह निवडायचा. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होतो. हार्डडिस्कवरची विंडोज मेलेली असो, व्हायरसने भरलेली असो, किंवा हार्डडिस्कच नसो. दुकानात मॉनिटर पलीकडे फिरवून जे चालते त्याची सुरुवात एवढीच.

पूर्वी अडचण ही होती की एका पेनड्राइव्हवर बहुधा एकच सिस्टिम बसवली जायची. रूफस नावाचे चांगले साधन आहे, पण ते एका वेळी एकच आयएसओ पेनड्राइव्हवर चढवते. दुसरी हवी तर पहिली पुसा. हार्डवेअरवाल्यांच्या खिशात म्हणून चार-चार पेनड्राइव्ह असतात. २०२० साली व्हेंटॉय नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आले आणि हा प्रकार बदलला. व्हेंटॉय पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचे. ते पेनड्राइव्हचे दोन भाग करते. एक अगदी छोटा, ३२ एमबीचा, ज्यात व्हेंटॉय स्वतः राहते. उरलेला सगळा मोठा भाग आपल्यासाठी साध्या पेनड्राइव्हसारखा मोकळा. त्या मोकळ्या भागात आयएसओ फाइली जशा गाणी कॉपी करतो तशा कॉपी करायच्या. काही उघडायचे नाही, काही चढवायचे नाही. संगणक या पेनड्राइव्हवरून सुरू केला की जेवढ्या आयएसओ असतील तेवढ्यांची यादी पडद्यावर येते. बाण खाली-वर, एंटर, झाले. नवी आवृत्ती आली की जुनी फाइल काढून नवी टाकायची. अभ्यासाच्या पीडीएफही त्यातच ठेवता येतात.

नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असते, तिथे पहिल्यांदा एक निळा पडदा येतो आणि 'व्हेरिफिकेशन फेल्ड' म्हणतो. इथे बरेच जण घाबरून पेनड्राइव्ह काढतात. ओके म्हणायचे, पुढच्या यादीत 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडायचे, व्हेंटॉयच्या छोट्या भागातली किल्लीची फाइल दाखवायची, रिस्टार्ट करायचे. त्या मशीनवर हे एकदाच करावे लागते. मात्र विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप बऱ्याचदा मालकाला न कळत चालू असते. सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागू शकते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती सापडली आणि वहीत उतरवून घेतली, तरच पुढे जायचे. हा नियम आमच्याकडे मोडत नाही.

आमच्या पेनड्राइव्हवर काय आहे? विंडोज ११ आणि विंडोज १०, दोन्ही मायक्रोसॉफ्टकडूनच उतरवलेल्या. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, जी ४ जीबी रॅमवर बरी चालते. २ जीबी रॅमच्या म्हाताऱ्या मशीनसाठी अँटीएक्स. मग अवजारे: फाइली वाचवायला आणि डिस्क तपासायला सिस्टिमरेस्क्यू, अख्ख्या डिस्कची नक्कल घ्यायला क्लोनझिला, रॅम तपासायला मेमटेस्ट. सगळे मिळून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते आणि जागा उरते. फाइलींची नावे आम्ही बदलली. यादीत फाइलीचेच नाव दिसते, म्हणून रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, 'जुनेमशीन', 'फाइलवाचवा', 'रॅमतपासा' अशी नावे दिली. हे करायला दहा मिनिटे लागली, पण त्यानंतर मुले न विचारता पेनड्राइव्ह वापरू लागली. इंग्रजी नावांच्या यादीपुढे ती आधी आमच्याकडे बघत बसत.

इथे एका वेगळ्या बाजूने हरकत येते. मुक्त सॉफ्टवेअरवाले मित्र म्हणतात, त्यात विंडोज ठेवलीच कशाला? गुलामी सोडायची तर पूर्ण सोडा. या मित्रांचे आमच्यावर उपकार आहेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला नसता, १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा सर्वांसाठी खुला केला नसता, तर आज आमच्या पेनड्राइव्हवर ठेवायला काहीच नसते. पण वस्तीतल्या मुलीला उद्या टॅली शिकायचे आहे. टॅली विंडोजवर चालते. तिला टायपिंग परीक्षेचा सराव करायचा आहे, तोही विंडोजवर. तिने लिनक्स शिकावे आणि नोकरीच्या मुलाखतीत एक्सेल उघडता येऊ नये, हा आदर्शवाद ज्याच्या घरी दोन पगार येतात त्याला परवडतो. शुद्धतेचा आग्रह आपल्या लोकांना कधी मानवलेला नाही. आम्हाला निवड हवी आहे. म्हणून पेनड्राइव्ह 'अनेक' सिस्टिमचा, आणि त्या अनेकपणातच आमचा मुद्दा आहे.

उलट बाजूने चळवळीतलेच कार्यकर्ते विचारतात की तुम्हाला दुसरी कामे नाहीत का? अत्याचाराच्या केस पडल्या आहेत, वसतिगृहाचे प्रवेश अडले आहेत, आणि तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन बसलात. हा प्रश्न रास्त आहे. पण त्या वसतिगृहाचा अर्ज कुठे भरतात? शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, जातपडताळणी ऑनलाइन, निकाल ऑनलाइन. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री संगणक बंद पडला की मूल ऑनलाइन सेंटरच्या रांगेत उभे राहते आणि फुकटच्या अर्जाचे दोनशे-तीनशे रुपये देते. मोबाइल आहे की, असेही म्हणतात. मोबाइलवर अर्ज भरता येतो, शंभर पानांचा प्रबंध लिहिता येत नाही. तो लिहिणाऱ्यांची संख्या वाढवायची असेल तर हे काम बाजूचे नाही.

तिसरी हरकत अधिक खरी आहे. क्रॅक विंडोजही फुकटच ना? मग लिनक्सची कटकट कशाला? मायक्रोसॉफ्टचे नुकसान होते म्हणून रडणारे आम्ही नाही. तिचे ती बघून घेईल. पण क्रॅक हा कोणीतरी अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आहे, जो 'आधी अँटिव्हायरस बंद कर, मग मला पूर्ण अधिकार दे' अशी अट घालतो. घराची चावी देऊन वर कुत्रा बांधून ठेवण्यासारखे हे आहे. आणि दुसरे, चोरीची वस्तू वापरणारा माणूस तक्रार करू शकत नाही. बिघडले तर मुकाट्याने पुन्हा त्याच दुकानात जातो.

आता आमच्या चुकीबद्दल. ती लपवली तर वरचे सगळे लिहिण्याचा अधिकार आम्हाला राहणार नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या ऊसतोड करणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती घेत होतो. चौदा जणींच्या. कोयता पहिल्यांदा कधी हातात आला, फडावर बाळंतपण कसे झाले, उचल कोणाच्या नावावर होती, असे सगळे. रेकॉर्डर डब्ल्यूएव्ही प्रकारात आवाज साठवायचा, म्हणजे तासाला सहाशे एमबी. रेकॉर्डर भरला की एका पेनड्राइव्हवर उतरवून तो मोकळा करायचो. तो पेनड्राइव्ह ३२ जीबीचा होता. व्हेंटॉयसाठी विकत आणलेला पेनड्राइव्हही त्याच कंपनीचा, तेवढाच, त्याच काळ्या रंगाचा.

दोन्ही एकाच संगणकाला लावलेले होते. बाकी पुढचे सांगायला नकोच.

सॉफ्टवेअरने विचारले नव्हते असे नाही. व्हेंटॉय एकदा विचारते की या ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाईल, पुढे जायचे का? मग पुन्हा एकदा विचारते. दोन्ही वेळा आम्ही 'येस' दाबले. खोलीत पाच जण होते. पडद्यावरची इंग्रजी सूचना एकानेच वाचली, तीही घाईत. बाकीचे चौघे 'याला येते' या विश्वासावर बघत उभे होते. त्यांच्यापैकी दोघांनी त्या बायांच्या मुलाखती स्वतः घेतल्या होत्या. पडद्यावर काय लिहिले आहे ते त्यांना मराठीत कोणी सांगितले असते तर त्यांनी हात धरला असता. दुकानदाराचा मॉनिटर पलीकडे फिरवलेला होता म्हणून आम्ही त्याला नावे ठेवली. आमचा मॉनिटर सगळ्यांकडे तोंड करून होता आणि तरीही वाचणारा एकच होता.

चूक लक्षात आली तोवर मिंटची सुमारे ३ जीबीची आयएसओ त्यावर कॉपी होऊन गेली होती. त्याच क्षणी थांबलो, हे एक बरे केले. पुसल्यावर फाइलींची नोंद जाते, मजकूर बराचसा तिथेच असतो, जोवर त्यावर दुसरे काही लिहिले जात नाही. दुसऱ्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय बसवले, त्यावरून सिस्टिमरेस्क्यू सुरू केले, त्यातल्या फोटोरेक नावाच्या अवजाराने पहिला पेनड्राइव्ह खरवडला. नाव फोटोरेक असले तरी ते आवाजाच्या फाइलीही शोधते. नऊ मुलाखती सापडल्या. नावे गेलेली, तारखा गेलेल्या, नुसते आकडे. एकेक ऐकून कोणाची ती ओळखावी लागली. पाच सापडल्या नाहीत. त्या पाचांपैकी तिघींकडे आम्ही पुन्हा गेलो, चूक कबूल केली, त्या पुन्हा बोलल्या. एकीने "आता काय सांगू, तेच ते" म्हणून अर्ध्या तासात आटोपते घेतले. उरलेल्या दोघी तोवर वारल्या होत्या.

तेव्हापासून अभ्यासिकेत एक पद्धत आहे. पेनड्राइव्ह बनवताना दोघे बसतात. एक जण पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो, दुसरी तिचा अर्थ मराठीत सांगते. अर्थ सांगता आला नाही तर बटण दाबायचे नाही. पुढच्या वेळी दोघांनी जागा बदलायच्या. दुसरा कोणताही पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क तेव्हा संगणकाला नसावी. तयार झालेल्या पेनड्राइव्हला लाल चिकटपट्टी. पद्धत वेळखाऊ आहे, हुशार मुले तिला वैतागतात. त्यांनी वैतागावे. आपल्यातलाच एखादा 'सगळे येणारा' तयार झाला आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघू लागले, तर आम्ही दुकान फक्त बाजारपेठेतून अभ्यासिकेत हलवले असे होईल.

पेनड्राइव्ह विकत घेतानाही फसवणूक होते. फुटपाथवर दीडशे रुपयांत १२८ जीबी म्हणून मिळतो तो आतून ८ जीबीचा असू शकतो. संगणकाला तो खोटा आकडाच दाखवतो आणि भरल्यावर फाइली गिळतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही अवजारे अख्खा पेनड्राइव्ह लिहून-वाचून खरा आकडा सांगतात. वेळ लागतो, पण नवा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय आम्ही वापरत नाही.

आणि उतरवलेली आयएसओ खरी आहे का, हेही तपासायचे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे आपोआप सुरक्षित, ही भाबडी समजूत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात हल्लेखोर घुसले होते आणि डाउनलोडची लिंक त्यांनी मागचे दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. फाइलीच्या एसएचए २५६ बेरजेची अक्षरे मूळ संकेतस्थळावर दिलेली असतात. उतरवलेल्या फाइलीची बेरीज काढून ती अक्षर न् अक्षर जुळते का बघायचे. तेवढ्याने भागत नाही, कारण संकेतस्थळच ताब्यात गेले तर बेरीजही बदलता येते, म्हणून जमेल तिथे सहीची फाइलही पडताळावी. व्हेंटॉयबद्दलही एक आक्षेप आहे. त्याचा स्रोत खुला असला तरी त्यात काही तयार, यंत्रभाषेतल्या फाइली आहेत, ज्या कशापासून बनल्या हे बाहेरच्याला सहज पडताळता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात यावर जोरदार वाद झाला आहे. आम्ही ते तरीही वापरतो, कारण दुसरे मार्ग आमच्या मुलांना आज झेपणारे नाहीत. ज्यांना झेपेल त्यांनी ग्रबची मेनू फाइल हाताने लिहून आयएसओ सुरू करण्याची जुनी पद्धत जरूर शिकावी. आमच्याकडचे दोघे ती शिकत आहेत आणि रोज काहीतरी मोडत आहेत.

त्या आठ मशीनचे काय झाले, ते राहिलेच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. आमची मशीन त्या अटीत बसत नाहीत. अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी ही चांगली चालणारी मशीन भंगार. हार्डवेअरवाल्याने सातशेत जे टाकले असते ते हेच, आधार संपलेले विंडोज १०, वर क्रॅक.

आम्ही पाच मशीनवर मिंट टाकले. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिबरऑफिस आहे, ब्राउझर आहे, अर्ज भरले जातात. दोन मशीनवर मिंट आणि विंडोज १० शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या चिपमध्ये परवान्याची किल्ली निघाली. विंडोजच्या बाजूने टॅली आणि टायपिंगचा सराव होतो, आणि तिकडून इंटरनेट बंद ठेवले आहे. आठवे मशीन सुरूच होत नव्हते. दुकानात सांगितले की मदरबोर्ड गेला, भंगारात द्या. मेमटेस्ट लावले तर लाल चुकांची रांग लागली. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पाहिली, चुका गेल्या. ते मशीन आता २ जीबीवर अँटीएक्स चालवते आहे. हळू आहे, पण चालते. मुलांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले आहे.

हे सगळे नवे आहे असेही नाही. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. शिक्षकांनाच इन्स्टॉल करायला शिकवले. आज काइट नावाची संस्था ते काम चालवते आणि शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते. आपल्याकडे सी-डॅकची बॉस लिनक्स आहे, पण ती किती शाळांतल्या किती मुलांनी स्वतःच्या हाताने टाकून पाहिली? सरकारने घोषणा करावी आणि मग आपण वाट बघावी, या सवयीचा आम्हाला कंटाळा आला आहे. हे काम वस्तीतल्या एका खोलीत होते.

सध्या लाल पट्टीचे तीन पेनड्राइव्ह आहेत. एक अभ्यासिकेच्या कपाटात, एक मुलींच्या वसतिगृहात, आणि एक फिरता, वहीत सही करून न्यायचा. फिरता पेनड्राइव्ह गेल्या आठवड्यापासून बीड जिल्ह्यातल्या एका गावी गेला आहे. नेणाऱ्या मुलाने वहीत कारण लिहिले आहे: 'मामाच्या दुकानातला कॉम्प्युटर.'

दर रविवारी दुपारी तीनला आम्ही बसतो. कोणीही यावे. पेनड्राइव्ह स्वतःचा आणावा, ३२ जीबी किंवा जास्त. आयएसओ आमच्याकडे उतरवून ठेवलेल्या आहेत, घरचा डेटापॅक जाळायची गरज नाही. लॅपटॉप आणणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवून यावे. आणि पेनड्राइव्हमध्ये आधीचे काही असेल, लग्नाचे फोटो असोत की आजीचा आवाज, तर ते दुसरीकडे उतरवून, उघडून, ऐकून बघून मगच निघावे.